आजचं चिंतन : बुजऱ्या जीवाला कुठलं घर द्यावं?



आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय १२, श्लोक १५.

मित्रांनो, बारावा अध्याय भक्तियोगाचा. त्यात भगवंत आपल्याला कोण आवडतं याची यादीच सांगतात. त्या यादीतल्या आजच्या श्लोकाचा साधा अर्थ असा : ज्याच्यामुळे जगाला धास्ती वाटत नाही, जगामुळे जो स्वतः त्रासून जात नाही, आणि हर्ष, अमर्ष, भय, उद्वेग या चारांतून जो मोकळा झालाय, तो मला प्रिय आहे.

हा श्लोक आपण नेहमी माणसांना लावतो. ऑफिसमधला चिडका बॉस, घरातली भांडणं, ट्रॅफिक. पण 'लोक' म्हणजे फक्त माणसं का? ज्ञानेश्वरीत माऊलींनी या श्लोकासाठी दृष्टान्त कुठला घेतलाय बघा. समुद्र आणि त्यातले जलचर! समुद्र कितीही उसळला तरी त्यात राहणाऱ्या जीवांना त्याची भीती वाटत नाही. आणि ते जीव कितीही असले, कसेही वागले, तरी समुद्राला त्यांचा कंटाळा येत नाही. दोन्ही बाजू आल्या. राहणाऱ्याला भीती नाही आणि ठेवणाऱ्याला वैताग नाही.

मला वाटतं, 'घर' या शब्दाची याहून चांगली व्याख्या सापडणं अवघड आहे. आज ती एका कुत्रीच्या निमित्ताने तपासून बघू.

खारी

आमच्या शहराबाहेर प्राण्यांचं एक शेल्टर आहे. रविवारी आम्ही काही जण तिथे मदतीला जातो. तिथे साधारण दहा महिन्यांची एक गावठी कुत्री आहे. रंग अगदी खारी बिस्किटासारखा, म्हणून नाव खारी. लसीकरण झालंय, नसबंदी झालीये, तब्येत ठणठणीत. तरी सहा महिने तिला घर मिळालं नव्हतं. कारण एकच. ती बुजरी आहे.

कुणी जवळ गेलं की ती भुंकत नाही, गुरगुरत नाही. कोपऱ्यात अंग चोरून बसते. शेपूट पोटाखाली, नजर दुसरीकडे. मध्येच ओठ चाटते, जांभई देते. येणारे लोक म्हणतात, "अय्या, किती शांत आहे!" ती शांत नसते, भीतीने गोठलेली असते. शांत असणं आणि गप्प होणं यात फरक आहे. आपल्यातल्या कितीतरी लोकांना हे स्वतःच्या अनुभवावरून कळेल.

सगळे विचारतात, "हिला कुणी मारलं होतं का?" नाही. निदान तसं काही कळलेलं नाही. ती आणि तिची आई एका बंद गोडाउनमध्ये होत्या. खारी शेल्टरमध्ये आली तेव्हा चार महिन्यांची होती आणि तोवर तिने माणसं जवळजवळ बघितलीच नव्हती. जॉन पॉल स्कॉट आणि जॉन फुलर या दोन शास्त्रज्ञांनी अमेरिकेत कुत्र्यांच्या पिल्लांवर बरीच वर्षं काम केलं. त्यांचं १९६५ सालचं पुस्तक आजही या विषयातला पाया मानतात. पिल्लू साधारण तीन आठवड्यांचं झाल्यापासून बारा आठवड्यांचं होईपर्यंत जगाची ओळख करून घेतं. त्या काळात ज्याची ओळख झाली ते 'आपलं' होतं. ज्याची झाली नाही ते पुढे परकं, धोक्याचं वाटू शकतं. खारीसाठी माणूस हा प्राणीच परका राहिला. त्यात तिचा दोष नाही. आणि गंमत म्हणजे कुणाचा अत्याचारही नाही. नुसतं न भेटणंसुद्धा एखाद्या जीवाला भित्रा करू शकतं.

दोन घरं

तर सहा महिन्यांनी खारीसाठी एकदम दोन घरं पुढे आली.

पहिलं घर असं की बघूनच छान वाटावं. मोठा फ्लॅट, आई-बाबा, आजी, सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं. मुलांनी खारीचं चित्र काढून आणलं होतं. तिच्यासाठी गादीसुद्धा आधीच घेऊन ठेवलेली. घरात रोज संध्याकाळी हरिपाठ होतो. प्रेमाला तोटा नाही.

दुसरं घर म्हणजे पन्नाशीच्या दोघी बहिणी. जुन्या सोसायटीत तळमजल्यावर राहतात. एक घरूनच हिशेबाचं काम करते. त्यांच्याकडे आठ वर्षांचा एक कुत्रा आहे, अगदी निवांत गडी. मोठ्या ताईंनी पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं, "लाड-बिड आम्हाला येत नाहीत. देवघरात रोज दिवा लागतोच असंही नाही. पण तिला कुणी त्रास देणार नाही." मग त्या चार रविवार आल्या. खारीकडे बघायच्याही नाहीत. तिच्यापासून लांब, जरा तिरप्या बसायच्या आणि एकमेकींशी भाजीच्या भावावर बोलत राहायच्या. मध्येच पनीरचा एखादा तुकडा तिच्या दिशेला टाकायच्या. चौथ्या रविवारी खारीने त्यांच्यापासून हातभर अंतरावरचा तुकडा येऊन उचलला. आणि परत पळाली.

शेल्टरच्या मॅडमनी खारी त्या बहिणींना द्यायचं ठरवलं. पहिल्या घरातल्या ताईंना वाईट वाटलं. त्या मला म्हणाल्या, "दादा, आमच्यात काय कमी आहे? देवाधर्माचं घर आहे आमचं. मुलं तर रोज विचारतात तिच्याबद्दल."

प्रश्न खरा आहे. प्रेमाने पुढे आलेल्या हाताला 'नाही' म्हणायचा अधिकार कुणाला? आणि असं 'नाही' म्हणणं दयेत बसतं का?

मी एवढंच म्हणालो, "ताई, कमी काहीच नाही." पण ते उत्तर पूर्ण नव्हतं. नंतर आजचा श्लोक पुन्हा वाचताना ते पूर्ण झालं. त्यातले चार शब्द घेऊन बसलो आणि चित्र स्वच्छ दिसायला लागलं.

हर्ष, अमर्ष, भय, उद्वेग

पहिला शब्द हर्ष. आनंदातून मोकळं व्हायचं? आनंद तर चांगला ना! पण इथे हर्ष म्हणजे उसळणारा आनंद, जो समोरच्याचा विचार न करता अंगावर येतो. मुलं ओरडत दारात धावत येतात, पाहुणे जमतात, केक येतो, मोबाइल पुढे होतात, रील काढायचं असतं. बिनधास्त कुत्र्याला हा उत्सव वाटेल. खारीला हे वादळ आहे. घाबरलेल्या कुत्र्याला पळायला जागा उरली नाही की तो चावूसुद्धा शकतो, आणि मग चूक कुणाची म्हणायची? मिठी मारणाऱ्या सहा वर्षांच्या मुलाची? त्याचा तर हर्षच आहे. म्हणजे इथे खारीबरोबर त्या मुलाचाही विचार आहे.

दुसरा शब्द अमर्ष. सहन न होणं, धीर सुटणं. "एवढं करतोय, तरी महिना झाला जवळ येत नाही" हा अमर्ष. यात राग दिसत नाही, दुखावलेपण दिसतं. पण त्या दुखावलेपणातूनच माणूस सोफ्याखालून कुत्र्याला ओढून बाहेर काढतो, 'सवय व्हावी म्हणून'. महिनाभराचा विश्वास त्या एका क्षणात जातो.

तिसरा भय. इथे माणसांचं भय. त्या घरातल्या आजींना कुत्र्यांची लहानपणापासून भीती वाटते. नातवंडांसाठी त्या तयार झाल्या होत्या, पण खारी बाजूने गेली तरी पाय वर घेत होत्या. दोन घाबरलेले जीव एकाच घरात ठेवायचे, तर तिसरं कुणीतरी दोघांना धीर देणारं लागतं. उलट त्या बहिणींकडचा म्हातारा कुत्रा बघा. बुजरी कुत्री माणसाकडून शिकत नाही ते दुसऱ्या कुत्र्याकडून शिकते. तो निवांत झोपलाय म्हणजे इथे धोका नाही, हे तिला कळतं. आपल्याकडे सत्संगाचं जे महत्त्व सांगतात ते यापेक्षा वेगळं काय आहे?

चौथा उद्वेग. हा रोजच्या बारीक गोष्टींतून येतो. लादीवर झालेली शी-शू, कुरतडलेली चप्पल, रात्री दोनला पंख्याच्या आवाजाने दचकून केलेलं रडणं, शेजाऱ्यांची तक्रार. समुद्राला जलचरांचा कंटाळा येत नाही, हे माऊलींचं म्हणणं इथे कसोटीला लागतं.

आता त्या ताईंच्या प्रश्नाचं उत्तर देता येईल. गोड्या पाण्यातला मासा समुद्रात सोडला आणि तो जगला नाही, तर समुद्र कमी पडला असं कुणी म्हणत नाही. मासाही वाईट नसतो. दोघांची गाठ चुकीची असते. ताईंचं घर चांगलंच आहे. त्याच शेल्टरमध्ये असे कुत्रे आहेत, ज्यांना मुलांचा गोंगाट म्हणजे स्वर्ग वाटेल. 'तुम्ही योग्य नाही' आणि 'तुम्ही हिच्यासाठी योग्य नाही' या दोन वाक्यांत फार मोठं अंतर आहे. नकार ऐकताना आपल्याला पहिलंच वाक्य ऐकू येतं. नोकरीत, लग्नाच्या स्थळांत, मैत्रीतसुद्धा.

पण थांबणं फुकट नसतं

इथे दुसरी बाजूही प्रामाणिकपणे बघायला हवी. आमच्यातलाच एक मित्र चिडून म्हणाला होता, "असं परफेक्ट घर शोधत बसलात तर ती इथेच म्हातारी होईल." त्याचं म्हणणं खोटं नाही. शेल्टर कितीही चांगलं असलं तरी तिथे आवाज असतो, गर्दी असते, रोज नवे वास असतात. बुजऱ्या कुत्र्याला तिथला प्रत्येक महिना महाग पडतो. शिवाय खारीने अडवलेल्या जागेमुळे रस्त्यावरच्या दुसऱ्या एखाद्या जखमी कुत्र्याला नाही म्हणावं लागतं. म्हणजे आपल्या 'थांबा'ची किंमत कुणीतरी दुसराच मोजत असतो. दयेच्या नावाखाली आपण निवड करण्याचं सुख घेत बसलोय का, हे विचारायलाच हवं.

म्हणून 'योग्य' म्हणजे 'परिपूर्ण' नव्हे. गीतेच्याच सतराव्या अध्यायात, विसाव्या श्लोकात, सात्त्विक दान कशाला म्हणायचं ते सांगितलंय. द्यायला हवं म्हणून दिलेलं. देश, काळ आणि पात्र बघून दिलेलं. आणि जो परतफेड करणार नाही त्याला दिलेलं. यातल्या तीन कसोट्या खारीच्या घराला सरळ लावता येतात.

देश, म्हणजे जागा. दार उघडलं की थेट रस्ता आहे का? लिफ्टमधून रोज चार वेळा अनोळखी माणसांबरोबर जावं लागेल का? तिला लपायला एक कोपरा मिळेल का, जिथे कुणीही हात घालणार नाही?

काळ. दिवाळीच्या आठवड्यात बुजरा कुत्रा घरी आणायचा नाही. फटाक्यांच्या आवाजाने नवीन घरातून पळालेला कुत्रा परत सापडणं फार कठीण. गणपतीत बिल्डिंगखाली ढोल-ताशा असेल तर विसर्जन होऊ द्यावं. घरात लग्न असेल, शिफ्टिंग असेल, तर थांबावं.

पात्र. घरातली माणसं, त्यांचा स्वभाव, त्यांच्याकडे असलेला वेळ. त्यांची भक्ती, पगार, फ्लॅटचा आकार हे इथे मोजमाप नाही.

या तीनही गोष्टी पुरेशा जुळल्या की पुढे जायचं. पूर्ण जुळण्याची वाट बघायची नाही. त्या बहिणींचं घरही काही आदर्श नाही. खिडकीखालीच रिक्षास्टँड आहे! पण पुरेसं आहे.

आणि चौथी गोष्ट, परतफेडीची. मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. कुत्रा पाळायचा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे काय येतं? ऑफिसमधून आलो की तो शेपूट हलवत धावत येईल, मांडीवर डोकं ठेवेल, सगळा शीण जाईल. म्हणजे प्रेम देण्याआधीच आपण त्याच्या परतीचा हिशेब धरलेला असतो. त्यात गैर काही नाही, माणूस आहोत. पण बुजरा कुत्रा महिनोन्‌महिने काहीच परत देत नाही. तुम्ही दिलेलं जेवण तो तुम्ही झोपल्यावर खातो. तुम्ही आलात की उठून जातो. परतीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला पुढच्याच श्लोकात राजस म्हटलंय. खारीसारख्या जीवाला घर देणं हे सात्त्विक दानाच्या फार जवळ जातं, कारण त्यात व्याज मिळेल याची खात्रीच नाही. मिळालं तर कृपा.

महाभारतातले दोन कुत्रे

महाभारताच्या शेवटचा कुत्रा आपल्या सगळ्यांना माहीत आहे. महाप्रस्थानाच्या वाटेवर धर्मराजाबरोबर शेवटपर्यंत चालत आलेला. इंद्र रथ घेऊन आला, कुत्र्याला सोडून चल म्हणाला आणि धर्मराजाने नकार दिला. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. जो घाबरलेला आहे, जो भक्त आहे, ज्याला दुसरा आधार नाही, त्याला मी जीव गेला तरी सोडणार नाही, हे माझं व्रत आहे, असं तो म्हणतो. यादीत 'घाबरलेला' पहिला आहे! मग तो काही महापापं मोजतो आणि सांगतो, भक्ताला टाकणं मला त्यांच्याच बरोबरीचं वाटतं. त्यातलं पहिलं पाप काही प्रतींत 'शरण आलेल्याला भीती देणं' असं आहे, तर काही प्रतींत 'शरण आलेल्याला परत देऊन टाकणं' असं. दत्तक प्राण्यांच्या बाबतीत दोन्ही पाठ किती चपखल बसतात बघा. आधी घरात भीती दिली जाते आणि मग 'आमच्याकडे नाही रुळला' म्हणून परत दिलं जातं. एकदा परत आलेल्या बुजऱ्या कुत्र्याला पुढचं घर आणखी अवघड जातं.

कायद्याची नजरही इथेच वळलेली दिसते. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात प्राणिप्रेमींना महापालिकेकडे अर्ज करून रस्त्यावरचे कुत्रे दत्तक घेता येतील असं सांगितलं. आणि तो कुत्रा पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्यावर टाकली.

दुसरा कुत्रा मात्र फारसा कुणाला आठवत नाही. तो महाभारताच्या अगदी सुरुवातीला, आदिपर्वात येतो. जनमेजय राजाचं सत्र चालू असतं. देवशुनी सरमेचं पिल्लू तिथे येतं आणि राजाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं. आई विचारते, तू काही केलं असशील. ते म्हणतं, मी हविष्याकडे बघितलंसुद्धा नाही, चाटायचं तर दूरच. सरमा राजाकडे जाऊन जाब विचारते. कुणीच उत्तर देत नाही. तेव्हा ती म्हणते, निरपराध्याला मारलंत, तुमच्यावर न दिसणारं भय येईल.

शाप काय दिला बघा. दारिद्र्याचा नाही, मरणाचा नाही. भयाचा. जे त्या पिल्लाला मिळालं तेच परत. एवढं प्रचंड महाकाव्य एका घाबरलेल्या पिल्लापासून सुरू होतं आणि एका कुत्र्यासाठी स्वर्ग नाकारण्यापाशी संपत येतं. मला यातून एकच वाचता येतं. दुर्बळ जीवाला भीती देणं हे व्यासांच्या लेखी किरकोळ नाही, आणि त्याची भीती घालवणं हे स्वर्गापेक्षा कमी नाही. आपल्याकडे यालाच अभयदान म्हणतात. अन्नदान आपण करतो, वस्त्रदान करतो. अभयदान मात्र फक्त देव किंवा राजा देतो असं आपल्याला वाटतं. तसं नाही. तिरपं बसून, नजर न रोखता, भाजीच्या भावावर बोलतसुद्धा ते देता येतं!

विटेवरचा धीर

कुत्रा म्हटलं की वारकऱ्याला नामदेव महाराज आठवणारच. पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे. प्रेमाची ती परमावधी आहे. पण प्रत्येक जीवामागे धावून प्रेम पोचत नाही. काहींच्या बाबतीत थांबावं लागतं. आणि थांबायचं कसं, हे तर आपल्या पांडुरंगाने शिकवलंय. तो पुंडलिकाच्या दारात आला. पुंडलिक आई-वडिलांच्या सेवेत होता. त्याने एक वीट पुढे टाकली. देव आत घुसला नाही, रुसला नाही, 'मी देव आहे, मला बसवतोस कुठे' म्हणाला नाही. मिळालेल्या विटेवर उभा राहिला. अजून उभा आहे.

बुजरा जीवही आपल्यापुढे अशी एक वीट टाकतो. 'इथपर्यंत या, पुढे नाही.' त्या विटेवर किती दिवस उभं राहता येतं, यावरून घर योग्य आहे की नाही ते ठरतं.

आजचा अभ्यास

कुणी बुजऱ्या कुत्र्याला घर द्यायचा विचार करत असाल, तर मनात एवढं धरून ठेवा.

१. पहिल्या भेटीत हात पुढे करू नका. वाकू नका. बाजूला बसा आणि त्याला येऊ द्या. आला नाही तर तीही भेटच आहे.

२. एका भेटीत निर्णय नको. तीन-चार वेळा जा. जमलं तर आधी फॉस्टर म्हणून काही आठवडे ठेवा.

३. शेल्टरवाले एक ढोबळ हिशेब सांगतात : तीन दिवस धक्क्यातून सावरायला, तीन आठवडे घराची रीत कळायला, तीन महिने घर आपलं वाटायला. बुजऱ्याला याहून जास्त लागू शकतात.

४. बाहेर नेताना गळ्यातला पट्टा आणि हार्नेस दोन्ही लावा, दोन्हीला दोरी बांधा. घाबरलेला कुत्रा पट्ट्यातून मान सोडवून घेतो. घराचं दार उघडताना आधी तो कुठे आहे ते बघा.

५. आणि शेल्टरने 'हा नको, तो घ्या' म्हटलं तर ते तुमच्या प्रेमाचं मोजमाप समजू नका. तेवढ्याच प्रेमाने 'तो' बघायला जा.

कुत्रा घ्यायचाच नाहीये, त्यांनी आज फक्त एक करून बघा. ऑफिसमध्ये, कॉलेजात, घरात कुणीतरी गप्प असणारं असतं. "बोल ना, एवढा काय लाजतोस" असं त्याला आज म्हणू नका. शेजारी बसा, तुमचं काम करा. बघा काय होतं.

खारी त्या दोघी बहिणींकडे जाऊन आता तीन आठवडे झालेत. अजून ती बहुतेक वेळ कपाटामागेच असते. जेवण रात्री उरकते. परवा धाकट्या ताईंचा मेसेज आला, की त्या हिशेब करत बसल्या होत्या तेव्हा खारी कपाटामागून निघाली, म्हाताऱ्या कुत्र्याच्या पाठीला पाठ लावून खोलीच्या मधोमध झोपली. पाच मिनिटं. ताईंनी पाच मिनिटं पानसुद्धा उलटलं नाही म्हणे. पहिल्या घरातल्या ताई पुन्हा शेल्टरला आलेल्या नाहीत. त्यांनी यावं अशी माझी रोजची प्रार्थना आहे, कारण तिथे एक काळा, दांडगट, सगळ्यांच्या अंगावर उड्या मारणारा पोरगा आहे, आणि त्याला तो गोंगाट हवाय.

पांडुरंगा, ज्याला जसं पाणी हवं तसं मिळू दे. आणि आमच्यामुळे कुठल्याही जीवाच्या पोटात भीतीचा गोळा येऊ नये, एवढं आमचं वागणं हलकं कर.

राम कृष्ण हरी 🙏